आकडे दोन मोजा, दोन काढा: घरातल्या उपकरणांचा रोध आणि वॉट

इमर्शन रॉडच्या मुठीवर १५०० वॉट छापलेलं असतं. तो आकडा २३० व्होल्टचा आहे, हे मात्र सहसा कुणी लक्षात घेत नाही. इंदूरमध्ये डिसेंबरच्या संध्याकाळी गल्लीभर गीझर आणि हीटर लागलेले असताना तुमच्या सॉकेटवर २०० व्होल्टच पोचत असतील, तर तोच रॉड साडेअकराशे वॉटसुद्धा ओढत नाही. रॉडचं स्वतःचं म्हणावं असं एकच असतं, त्याचा रोध. वॉट किती, हे त्या वेळी मिळणाऱ्या व्होल्टेजवर ठरतं. म्हणून छापील आकड्यावर न थांबता दोन गोष्टी मोजायच्या: उपकरणाच्या टोकांवरचे व्होल्ट आणि त्यातून जाणारे अँपिअर. दोन्ही एकाच वेळी, तेच उपकरण चालू असताना. बाकी नुसता गुणाकार-भागाकार आहे.

आधी शब्दांचं बघून घेऊ. इथल्या, म्हणजे इंदूरमधल्या, मुलांच्या हिंदी पुस्तकात 'प्रतिरोध' आणि 'धारा' असतं, महाराष्ट्रातल्या मराठी पुस्तकात 'रोध' आणि 'विद्युतधारा', आणि वायरमन 'रेझिस्टन्स' आणि 'करंट' म्हणतो. गोष्ट एकच. इथे करंट, व्होल्टेज, वॉट हे बोलण्यातले शब्द ठेवले आहेत आणि रेझिस्टन्सला रोध म्हटलं आहे, कारण तो छोटा आहे.

गणित एवढंच

रोध (ओहम) = व्होल्ट ÷ अँपिअर
शक्ती (वॉट) = व्होल्ट × अँपिअर

पहिलं सूत्र जर्मन शिक्षक गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलं. दोन्ही एकत्र केली की आणखी दोन रूपं मिळतात आणि कामाला तीच जास्त येतात:

वॉट = व्होल्टचा वर्ग ÷ रोध
वॉट = अँपिअरचा वर्ग × रोध

यातलं कुठलं कधी वापरायचं, यात नवखे गोंधळतात. उपकरणाला मिळणारं व्होल्टेज ठाऊक असेल तर व्होल्टच्या वर्गाचं. वायर, जोड, प्लगची पिन यांत किती उष्णता होते हे काढायचं असेल तर अँपिअरच्या वर्गाचं, कारण वायरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज आपल्याला ठाऊक नसतं, पण तिच्यातून वाहणारा करंट ठाऊक असतो. वायरचा रोध २३० व्होल्टच्या वर्गाबरोबर घालून कुणी गणित केलं की उत्तर लाखात येतं. तसं आलं तर सूत्र चुकीच्या जागी वापरलं आहे असं समजावं.

मिली-अँपिअर आधी १००० ने भागून अँपिअर करा. १२० मिली-अँपिअर म्हणजे ०.१२ अँपिअर. निम्म्या चुका इथेच होतात.

काय आणायचं

जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दोन-तीनशे रुपयांना पिवळा किंवा काळा छोटा डिजिटल मल्टीमीटर मिळतो. सुरुवातीला तो पुरतो. फक्त एक ओळखून असा: या स्वस्त मीटरवर अँपिअरचे जे टप्पे असतात ते डीसीचे. घरातला एसी करंट त्याने मोजता येत नाही आणि तसा प्रयत्नही करायचा नाही. त्यासाठी क्लॅम्प मीटर लागतो, म्हणजे वायरीभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा मीटर, आणि तो याहून महाग असतो. एवढ्यात घ्यायचा नसेल तर खाली वीजमीटरचा उपाय दिला आहे.

याशिवाय १२ व्होल्ट १ अँपिअरचा डीसी अडॅप्टर, १०० ओहम ५ वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर, मगरचिमट्यांच्या चार वायरी. रेझिस्टरच्या अंगावर '५ डब्ल्यू १०० आर जे' असं काहीसं छापलेलं असतं. त्यातल्या 'जे'चा अर्थ पाच टक्के इकडेतिकडे, म्हणजे खरा रोध ९५ ते १०५ ओहममध्ये कुठेही. दुकानदार पाव वॉटचा रंगीत पट्ट्यांचा रेझिस्टर पुढे करेल, रोध तोच आहे म्हणेल. तो घेऊ नका. १२ चा वर्ग १४४, भागिले १००, म्हणजे १.४४ वॉट. पाव वॉटच्या जवळपास सहापट. तो काही सेकंदांत काळा पडेल.

पहिला सराव, १२ व्होल्टवर

१. अडॅप्टर बंद ठेवून त्याच्या अधिक टोकापासून मीटरची लाल वायर, मीटरच्या काळ्या वायरीपासून रेझिस्टरचा एक पाय, दुसरा पाय अडॅप्टरच्या उणे टोकाला. मीटर वाटेत बसला पाहिजे, करंट त्याच्यातून गेला पाहिजे.

२. मीटरची चकती डीसी २०० मिली-अँपिअरवर. आपला अंदाज १२ ÷ १०० = ०.१२ अँपिअर, म्हणजे १२० मिली-अँपिअर. टप्प्यात बसतो. ४७ ओहमचा रेझिस्टर असता तर २५५ झाले असते आणि आतला फ्यूज उडू शकला असता. अंदाज आधी, चकती नंतर, अशी सवय लावा.

३. अडॅप्टर चालू करा, आकडा लिहा. समजा ११७.० आला.

४. अडॅप्टर बंद. मीटर काढून त्याच्या जागी साधी वायर जोडा, चकती डीसी २० व्होल्टवर आणा आणि प्रोब रेझिस्टरच्या दोन पायांवर टेकवा. पण इथे एक बारकी गोम आहे. करंट मोजताना मीटरच्या आतला रोध, फ्यूज आणि वायरी मिळून एखादा ओहम वाटेत होता, तो आता नाही. त्यामुळे व्होल्टचा हा आकडा आधीच्या करंटबरोबरचा नाही. दोन मीटर असतील तर उत्तम: एक करंटच्या वाटेत, दुसरा थेट रेझिस्टरच्या पायांवर, एकाच वेळी.

समजा दोन मीटर लावून ११.९० व्होल्ट आणि ०.११७ अँपिअर आले. ११.९० ÷ ०.११७ = १०१.७ ओहम, 'जे'च्या मर्यादेत. शक्ती ११.९० × ०.११७ = १.३९ वॉट. हेच व्होल्टेज अडॅप्टरच्या टोकांवर मोजलं असतं तर १२.०५ दिसलं असतं आणि रोध १०३ निघाला असता, कारण त्यात मीटरचा आणि वायरींचा रोधही मोजला गेला असता. टोकं कुठे टेकवली यावर उत्तर बदलतं. पुढे घरातल्या वायरिंगचा दोष शोधताना हेच उपयोगी पडणार आहे.

भीतीपोटी चकती १० अँपिअरच्या टप्प्यावर ठेवली तर ०.११ किंवा ०.१२ एवढंच दिसेल. त्यावरून रोध १०८ की ९९, काहीच सांगता येत नाही. आकडा टप्प्यात बसेल असा सगळ्यांत लहान टप्पा निवडावा.

दोन मिनिटं चालू राहिला तर रेझिस्टर बोटाला चटका देण्याइतका तापतो. ५ वॉटची क्षमता याचा अर्थ तेवढी उष्णता तो सहन करतो, गार राहतो असा नाही.

२३० व्होल्टकडे जाण्याआधी

मल्टीमीटरला बहुधा तीन छिद्रं असतात. काळी वायर सामाईक छिद्रात कायम. लाल वायर व्होल्ट-ओहमच्या छिद्रात. तिसरं १० अँपिअरचं, आणि बहुतेक स्वस्त मीटरांत त्याला फ्यूज नसतो. लाल वायर चुकून तिथे राहिली आणि प्रोब सॉकेटमध्ये घातले, तर फेज आणि न्यूट्रल थेट जोडले गेले असं समजा. आतली तांब्याची पट्टी, प्रोबच्या वायरी आणि घरचं वायरिंग मिळून अर्धा ओहम धरला तरी २३० ÷ ०.५ = ४६० अँपिअर. एमसीबी पडेपर्यंत प्रोबची टोकं वितळून ठिणग्या तोंडावर येतात. म्हणून सॉकेटजवळ जाण्याआधी दर वेळी आधी छिद्र बघा, मग चकती. एसी व्होल्टचा सगळ्यांत मोठा टप्पा, बहुधा ६०० किंवा ७५०. पायात रबरी चप्पल, कोरडी जमीन, प्रोबच्या कड्याच्या मागे बोटं. एसी करंटसाठी वायर कापून मीटर मध्ये घालणं नवख्याने करूच नये.

ओहमचा टप्पा (घोड्याच्या नालेसारखी खूण) लावताना उपकरण सॉकेटमधून काढलेलंच हवं. खटका बंद आहे एवढं पुरत नाही. खटका न्यूट्रलवर बसवणारे महाभाग कमी नाहीत.

रॉड तपासायचा

रॉड काढून ठेवलेला, गार, कोरडा. चकती २०० ओहमवर. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. ०.३ ते ०.५ दिसेल, तो वायरींचा रोध, नंतर वजा करायचा. मग प्रोब प्लगच्या दोन जाड नसलेल्या पिनांवर. तिसरी जाड, लांब पिन अर्थिंगची.

अपेक्षा अशी: २३० चा वर्ग ५२९००, भागिले १५००, म्हणजे ३५.३ ओहम. गार असताना ३४ च्या आसपास दिसलं तरी ठीक. रॉडच्या आत नायक्रोमची तार असते आणि तापल्यावर तिचा रोध थोडाच वाढतो. डाव्या बाजूला नुसता १ दिसला तर तार तुटली. ३५ ऐवजी २० दिसले तर रॉडच्या आतली तार कुठेतरी शॉर्ट झाली आहे: २३० ÷ २० = ११.५ अँपिअर, म्हणजे २६४५ वॉट. पाणी लवकर तापतं म्हणून खूश होण्यासारखं यात काही नाही.

आता चकती सगळ्यांत मोठ्या ओहमवर, एक प्रोब पिनेवर, दुसरा रॉडच्या धातूवर. इथे १ च दिसायला हवा. कुठलाही आकडा दिसला तर करंट अंगात उतरतोय, रॉड भंगारात. १ दिसला तरी निश्चिंत होऊ नका: मीटर हे दोन-तीन व्होल्टवर मोजतो. खरी खात्री ५०० व्होल्टच्या मेगरनेच (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) होते, आणि तो वायरमनकडे असतो.

रोध हाती आला की कुठल्याही व्होल्टेजला वॉट काढता येतात. २०० व्होल्टला ४०००० ÷ ३५.३ = ११३३ वॉट. २४५ ला ६००२५ ÷ ३५.३ = १७०० वॉट. वीस लिटरची बादली १८ अंशांवरून ४५ वर न्यायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात, म्हणजे त्याच रॉडला २०० व्होल्टवर तेहतीस मिनिटं आणि २४५ वर बावीस. व्होल्टेज सव्वापटीच्याही आत वाढलं, पण वॉट दीडपट झाले, तो वर्गाचा परिणाम.

बल्ब मात्र फसवतो

जुन्या पद्धतीचा १०० वॉटचा पिवळा बल्ब मिळाला तर हाच प्रयोग करून बघा. गणिताने ५२९०० ÷ १०० = ५२९ ओहम यायला हवेत. गार बल्बवर मीटर चाळीसच्या आसपास दाखवतो. मीटर बरोबर आहे आणि गणितही. टंगस्टनची तार अडीच हजार अंशांपर्यंत तापते आणि तिचा रोध बारा-पंधरापट होतो. म्हणूनच बल्ब बहुधा खटका दाबल्या क्षणी जातो: त्या क्षणी त्यातून नेहमीच्या दहापटीहून जास्त करंट जातो. तापणाऱ्या वस्तूचा खरा रोध चालू असतानाच्या व्होल्ट आणि अँपिअरवरूनच काढावा, ओहमच्या टप्प्यावरून नाही.

वायरिंगमध्ये किती जातं

या सगळ्या मोजमापात सर्वांत जास्त कामाचं हे, आणि ते कुणी करत नाही. दोन आकडे हवेत, एकाच सॉकेटवर. शेजारी दुसरं सॉकेट असलेला बोर्ड निवडा, एकात रॉड (पाण्यात बुडवलेला, नाहीतर जळेल), दुसऱ्यात प्रोब.

रॉड बंद: २३२ व्होल्ट. रॉड चालू: २२४. फरक ८ व्होल्ट. रॉडचा करंट २२४ ÷ ३५.३ = ६.३५ अँपिअर. म्हणजे खांबापासून बोर्डापर्यंतच्या वाटेचा रोध ८ ÷ ६.३५ = १.२६ ओहम, आणि त्या वाटेत जाणारी शक्ती ८ × ६.३५ = ५१ वॉट. चालू-बंद तीन-चार वेळा करून सरासरी घ्या, कारण गल्लीतलं व्होल्टेज तेवढ्यात स्वतःहूनही हलतं.

मग हेच मेन स्विचजवळच्या सॉकेटवर करा. तिथे फरक २ व्होल्ट आणि न्हाणीघरात ८ असेल, तर दोष मधल्या वायरीत किंवा जोडांत आहे. दोन्हीकडे ८ असेल तर सर्व्हिस केबल किंवा तिचा खांबावरचा जोड. तिथे स्वतः हात न घालता वीज कंपनीकडे तक्रार नोंदवावी.

जोड सैल असेल तर काय होतं ते बघा. सॉकेटच्या एका स्क्रूखाली अर्धा ओहम रोध झाला, तर ६.३५ चा वर्ग ४०.३, गुणिले ०.५, म्हणजे २० वॉट. सोल्डरिंगची छोटी इस्त्री २५ वॉटची असते. जवळपास तेवढी उष्णता वाटाण्याएवढ्या जागेत, बंद प्लास्टिकमागे. प्लग पिवळा पडणं, पिनेभोवतीचं प्लास्टिक मऊ होणं, जळका वास, हे सगळं तिथून येतं. तापल्यावर स्क्रू आणखी सैल होतो, रोध आणखी वाढतो. मेन बंद करून स्क्रू आवळणं, काळं पडलेलं टोक कापून नवं सोलणं, आणि पत्ती ढिली झालेलं सॉकेट बदलणं, एवढाच उपाय.

मोटर, पंखा, एलईडी: इथे थांबा

हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप घ्या. क्लॅम्प मीटरचा जबडा फक्त फेजच्या वायरीभोवती. दोन्ही वायरी जबड्यात आल्या की शून्य दिसतं, कारण जाणारा आणि परतणारा करंट एकमेकांना खोडतात; नवखा म्हणतो मीटर बिघडला. पंपाच्या केबलमध्ये वायरी एकत्रच असतात, तेव्हा एक छोटी एक्स्टेंशन करून तिची बाहेरची नळी वीतभर सोलून ठेवा, आतल्या वायरींचं आवरण मात्र शाबूत.

समजा २३० व्होल्ट आणि ३.६ अँपिअर आले. गुणाकार ८२८. याला वॉट म्हणू नका, हे व्होल्ट-अँपिअर. मोटरच्या वेटोळ्यांमुळे करंट व्होल्टेजच्या मागे राहतो आणि गुणाकाराचा काही भाग काम न करता जातो-येतो. तसंच २३० ÷ ३.६ = ६४ हा वाइंडिंगचा (वेटोळ्यांच्या तारेचा) रोध नव्हे, तो इम्पीडन्स, म्हणजे एसी करंटला होणारा एकूण अडथळा. मोटर बंद करून मल्टीमीटरने वाइंडिंग मोजलं तर आकडा याहून बराच कमी येतो, आणि त्यामुळे मोटर जळली असा निष्कर्ष काढून ती रीवाइंडिंगला टाकण्याची घाई करू नये.

खरे वॉट घरच्या वीजमीटरवरून काढता येतात. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक, ते लिहिलेलं असतं. ३२०० हा नेहमी दिसणारा आकडा, पण तुमच्या मीटरवरचाच घ्या. घरातलं सगळं बंद करा, फ्रीज आणि राउटरसुद्धा, आणि दिवा स्थिर झाला याची खात्री करा. पंप चालू करून अर्धा मिनिट थांबा. मग एका लुकलुकीला शून्य म्हणून मोजायला सुरुवात करा, दहावीला घड्याळ थांबवा. पहिल्या लुकलुकीला 'एक' म्हटलं की नऊच मोजल्या जातात, उत्तर अकरा टक्के चुकतं.

वॉट = ३६००००० × लुकलुक ÷ (मीटरचा आकडा × सेकंद)

दहा लुकलुकींना १६ सेकंद लागले तर ३६०००००० ÷ ५१२०० = ७०३ वॉट. ७०३ ÷ ८२८ = ०.८५, हा त्या पंपाचा पॉवर फॅक्टर. पंपावर अर्धा हॉर्सपॉवर, म्हणजे ३७३ वॉट लिहिलेले असतात. ते मोटरच्या दांड्यावर मिळणारे. विजेच्या बाजूने ओढलेले जास्तच असणार. क्लॅम्प मीटर नसेल तर सूत्रातलं हे एकच मोजमाप बिलाच्या हिशोबाला पुरतं. हाच पंप रोज पाऊण तास चालला तर महिन्याला ०.७०३ × ०.७५ × ३० = १५.८ युनिट.

एलईडी बल्ब आणि मोबाइल चार्जरला व्होल्ट भागिले अँपिअर करून रोध काढणं निरर्थक आहे. त्यांच्या आत सर्किट बसलेलं असतं, करंट तुकड्यातुकड्यांनी ओढला जातो आणि काही सर्किट तर व्होल्टेज कमी झालं की उलट जास्त करंट घेतात. शिवाय इतक्या लहान करंटला क्लॅम्प मीटर नीट वाचत नाही. फेजच्या वायरीचे जबड्याभोवती दहा वेढे घेऊन आलेला आकडा दहाने भागला तर थोडं बरं उत्तर मिळतं.

सॉकेट आणि वायर निवडताना

लहान सॉकेट ६ अँपिअरचं: ६ × २३० = १३८० वॉट. १००० वॉटची इस्त्री ४.३५ अँपिअर घेते, चालते. १५०० वॉटचा रॉड ६.५ घेतो, त्याला १६ अँपिअरचंच सॉकेट हवं. मोठ्या प्लगला छोटा करणारा अडॅप्टर मिळतो, म्हणून गणित बदलत नाही.

महाराणी रोडला वायर घेताना फक्त 'किती अँपिअर चालेल' एवढं न विचारता लांबीचा हिशोब करून जा. तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण असा: १ चौरस मिलिमीटर १८ ओहम, १.५ ला १२, २.५ ला ७.४, ४ ला ४.६. बारीक तारांच्या लवचीक वायरीला किंचित जास्त. मेनपासून २००० वॉटचा गीझर १५ मीटरवर असेल तर लांबी ३० मीटर धरायची, कारण करंट जातो आणि परतही येतो. हे विसरलं की उत्तर निम्मं येतं. करंट ८.७ अँपिअर. १ चौरस मिलिमीटरमध्ये ०.५४ ओहम, ४.७ व्होल्ट पडतात आणि ४१ वॉट भिंतीत तापतात. २.५ मध्ये ०.२२ ओहम, १.९ व्होल्ट, १७ वॉट. ४ ची वायर घेतली तर १० वॉट, पण जुन्या घरांतल्या अर्ध्या इंचाच्या पाइपात ती फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगसह ओढणं जिकिरीचं होतं, आणि ओढताना सोललेली वायर बारीक वायरीपेक्षा वाईट.